पुढच्या माणसाच्या हातात

"आजी, उठा आता. झालं तुमचं," असं तो पट्टेवाला म्हणाला आणि तिथंच माझं टाळकं सरकलं.

एक तर मी आजी होते ती माझ्या नातवाची, त्या पट्टेवाल्याची नव्हे. आणि दुसरं, झालं काय होतं? अडीच वर्षं आम्ही तालुक्याच्या कोर्टात खेटे घातले. दर तारखेला सकाळची पॅसेंजर धरायची, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्यायची, व्हरांड्यातल्या बाकावर दिवसभर बसायचं आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत यायचं. त्या दिवशी पहिल्यांदा आमचं नाव पुकारलं, आत घेतलं, आणि पाच मिनिटांत हा गडी म्हणतो झालं तुमचं.

माझ्या शेजारी आमचे मालक बसले होते. रामलिंग शिंगाडे, रेल्वेचे रिटायर गस्तवाले. टोपी काढून मांडीवर ठेवलेली, नजर पायाच्या अंगठ्यावर. पट्टेवाल्यानं सांगितल्याबरोबर ते उठायला लागले. साहेब लोकांनी ऊठ म्हटलं की उठायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मी सदऱ्याचं टोक धरून त्यांना खाली ओढलं.

"बसा," म्हटलं. "मी सांगत नाही तोवर हलायचं न्हाई."

समोरच्या खुर्चीतली न्यायाधीश बाई माझ्या पोरीच्या, शालनच्या वयाची होती. फार तर सत्तावीस-अठ्ठावीसची. तिनं आत्ताच सांगितलं होतं की हा दावा चालवायचा या कोर्टाला अधिकारच नाही. रेल्वेतल्या माणसाच्या नोकरीचं, पेन्शनचं भांडण असलं तर ते मुंबईच्या न्यायाधिकरणापुढं चालतं, तसा कायदा आहे. दावा खरा की खोटा, तेही मी बोलू शकत नाही, असं ती म्हणाली. आवाज चांगला होता तिचा, खोटं कशाला बोलू. पण गोड आवाजात सांगितलं म्हणून नाही या शब्दाचा हो होत नाही.

रेल्वेच्या बाजूनं निंबर्गी वकील उभे होते. अंगानं भरलेले, कपाळावर तीन बोटं भस्म. ते म्हणत होते, "दावा फेटाळण्यात यावा, एवढीच विनंती आहे." अगदी एवढीशीच विनंती. मागच्या तारखेला व्हरांड्यात तेच कुणाला तरी सांगत होते ते मी कानांनी ऐकलं होतं. इथं फेटाळला की संपलं, मुंबईची मुदत कधीच उलटून गेली, म्हातारा आता तिकडं गेला तरी दारातून परत. मी त्यांच्या पाठीमागं दीड हातावर भाकरी खात बसले होते. लुगडं नेसलेल्या बाईला कान नसतात असं शिकल्या माणसांना का वाटतं, मला अजून कळलेलं नाही.

आमच्या बाजूनं कुणीच नव्हतं. आमचे बागल वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते, म्हणजे कँटीनमध्ये. हा दावा इथं घालायचा सल्ला त्यांचाच. मुंबई कशाला, आपलं कोर्ट जवळ, असं म्हणाले होते. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही चढलो ते चढलो, वर पायरीसुद्धा चुकीची.

आता हे भांडण काय होतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझा राग कळेल.

मालकांनी रेल्वेत सव्वीस वर्षं काढली. त्यातली पहिली सतरा रोजंदारीवर. धायखेड स्टेशनच्या अलीकडं रुळांच्या कडेला रूळ सांभाळणाऱ्या गँगची चाळ होती, पाच खोल्यांची, त्यातली शेवटची आमची. मालक गस्तवाले. हातात काठी, खांद्याला पिशवी, पिशवीत लाल-हिरवे झेंडे, बत्ती, आणि गाडीला इशारा द्यायला रुळावर ठेवायचे फटाके. पावसाळ्यात रुळाखालची भर वाहून जाते, ओढ्यावरच्या मोऱ्या खचतात, म्हणून गाडीच्या आधी माणसानं चालत जाऊन बघायचं. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका. सतरा वर्षांनी एकदाचं कायम केलं. तिथून पुढं नऊ वर्षं दोन महिने झाले आणि साठ भरली.

पेन्शनीला नोकरी दहा वर्षांची लागते. रोजंदारीची वर्षं अर्धी धरतात, असा त्यांचाच नियम. सतराची अर्धी धरली तरी साडेआठ होतात, आम्हाला तर दहाच महिने हवे होते. पण हपिसातून उत्तर आलं की रोजंदारीचे कागद सापडत नाहीत, बहुतेक वाळवीनं खाल्ले, आणि कागद नाही म्हणजे नोकरीही नाही. रामलिंग शिंगाडे हा मनुष्य त्या सतरा वर्षांत रेल्वेत नव्हताच.

बरं, हे एवढ्यावर थांबतं तर काहीतरी करता आलं असतं. पण मालकांनी स्वतःच्या हातानं स्वतःचा गळा कापून ठेवला होता. त्यांना लिहिता येतात तीनच गोष्टी. नाव, किती वाजले ते, आणि 'सब ठीक'. गस्तवाल्याला एवढंच शिकवतात, कारण एवढंच लागतं. हद्दीच्या दगडाशी पलीकडचा गस्तवाला भेटतो, त्याची वही पुढं येते, तिच्यावर नाव घालायचं, वेळ घालायची, सब ठीक लिहायचं. वाचत कुणी बसत नाही, रूळ बघून आलेलेच असतात. सव्वीस वर्षं हेच केलं. रिटायर झाले त्या दिवशी हपिसात कारकुनानं त्यांच्यापुढं नोकरीचा तक्ता सरकवला, सगळा इंग्रजीत, आणि ती सतरा वर्षं त्यात नव्हतीच. यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, नाव लिहिलं, ११.४० लिहिलं, आणि खाली ठळक अक्षरात सब ठीक. वर कारकुनाला रामराम घातला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. निंबर्गी वकिलांनी त्या पाच मिनिटांतही ते दोन शब्द तीनदा वाचून दाखवले. बघा, यानंच लिहून दिलंय, सगळं बरोबर आहे म्हणून.

मी मालकांना त्यावरून रोज बोलायची. जेवताना बोलायची, झोपताना बोलायची. ते ऐकून घ्यायचे आणि एवढंच म्हणायचे, "चुकलं माझं, हौसे. सोडून देऊ. दोन शेरडं घेऊ, भागंल." पण पैशासाठी त्यांचं तोंड उतरलेलं नव्हतं. दुसरंच काहीतरी त्यांना आतून खात होतं. ते काय, हे मला त्या दिवशीपर्यंत ठाऊक नव्हतं. आणि मला त्या नोकरीचा स्वतःचा एक जुना राग होता, तो शेरडं घेऊन भागणारा नव्हता.

तर पट्टेवाला दुसऱ्यांदा म्हणाला, "आजी, पुढची केस पुकारायचीय."

मी उभी राहिले, पण दाराकडं वळले नाही. सरळ पुढं गेले, त्या लाकडी कठड्यापर्यंत. पट्टेवाला आडवा आला. म्हटलं, "बाबा, हात लावू नको. मी भांडायला न्हाई आले, सांगायला आले." बाईनं पेन खाली ठेवलं आणि त्याला बाजूला व्हायची खूण केली. मग म्हणाली, "बोला. पण थोडक्यात."

थोडक्यात बोलणं मला कधी जमलेलं नाही. तरी मी प्रयत्न केला.

पिशवीतून शालनच्या जन्माचा दाखला काढला. ग्रामपंचायतीचा, शिक्क्यासकट. म्हटलं, "ह्याच्यावर तारीख बघा. शहात्तर सालचा आषाढ. जन्माची जागा बघा, रेल्वे चाळ, धायखेड. बापाचा धंदा बघा, रेल्वे गस्त. हे म्हणत्यात त्या साली माझा नवरा रेल्वेत नव्हता. बाईसाहेब, त्या दिवशी हा माणूस घरी असता ना, तर मी आज हितं आलेच नसते."

आणि मग मी ते सांगितलं. कोर्टात, परक्या माणसांपुढं. आजवर ते मी फक्त मालकांना सुनावलं होतं, वर्षातून निदान पाच-सहा वेळा.

सकाळपासून पाऊस लागला होता. मालक आठला गस्तीवर गेले. दहाच्या सुमाराला मला कळा सुरू झाल्या, दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. चाळीत त्या वेळी बाईमाणूस म्हणजे एकटी द्वारकामावशी, तीही डोळ्यांनी अधू. गँगमधला एक माणूस धावत रुळांनी गेला आणि हद्दीच्या दगडाशी मालकांना गाठून निरोप दिला, बायको अडलीय, लगेच चल. दगडापासून घर दीड कोस. मालक तासाभरात येतील म्हणून मी दाराकडं डोळे लावून पडले होते. बारा वाजले. दोन वाजले. शालन पायाळू निघाली, मावशीनं चाचपडत सोडवली. मी वाचले ते माझ्या आईच्या पुण्याईनं. मालक संध्याकाळी सहाला आले, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि दारात उभे राहून म्हणाले, पोरगी झाली व्हय.

"कुठं हुते ते?" मी बाईला म्हटलं. "निरोप मिळाला, तरी घराकडं वळले न्हाईत. उलट्या अंगाला गेले. का? तर पलीकडचा गस्तवाला दगडापाशी आला नव्हता. मैनोद्दीन त्याचं नाव. त्याला शोधत हे पुढं चालत गेले, दुसऱ्याच्या हद्दीत, तीन मैल. सत्तावीस वर्षं मी ह्या माणसाला त्यावरून शिव्या घालतेय. आन् आता हपिस म्हणतंय त्या दिवशी ते कामावर नव्हतेच. मग माझ्या शिव्यांचं काय करू मी? परत घेऊ?"

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. बाई हसली नाही. दाखल्यासाठी तिनं हात पुढं केला, आणि अर्ध्यावरच मागे घेतला.

"मला तो बघता येणार नाही," ती म्हणाली. "बघितला तर ती माझी चूक होईल. माझा तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण हे पुरावे तपासायचा अधिकार दुसऱ्याला दिलेला आहे."

निंबर्गी वकील लगेच उठले. म्हणाले, "आणि रेकॉर्डप्रमाणे एकोणीसशे शहात्तरमध्ये वादी सेवेत नव्हते, हे मी नम्रपणे निदर्शनास आणतो."

तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला.

"मग मी हुतो कुठं?"

मी वळले. मालक उभे होते. टोपी हातात चुरगळलेली. सव्वीस वर्षांत त्यांनी कुठल्या साहेबापुढं हात न जोडता तोंड उघडलेलं मी बघितलं नव्हतं. आणि ते वकिलाकडं बघत नव्हते, बाईकडंही नाही. माझ्याकडं बघत होते.

"मी कामावर नव्हतो, तर हुतो कुठं त्या दिवशी?" ते पुन्हा म्हणाले. "ही घरी मरायला टेकली हुती. मला निरोप घावला हुता. कामावर हुतो म्हणून वळलो न्हाई. नायतर मग मी कसला माणूस?"

इतकी वर्षं मी त्यांना बोलत आले, आणि ते मान खाली घालून ऐकत आले, कारण त्यांच्याजवळ एवढं एकच उत्तर होतं, की मी कामावर होतो. ते उत्तरही हपिसानं काढून घेतलं होतं. हे त्यांना खात होतं. शेरडं घेऊन भागेल म्हणणारा माणूस रात्र रात्र कूस बदलत होता तो यासाठी, आणि मी अंथरुणात शेजारी पडून सब ठीक का लिहिलंत म्हणून त्यालाच झोडपत होते. मला स्वतःचा संताप आला.

मालक हळूहळू पुढं आले आणि माझ्या शेजारी कठड्याशी उभे राहिले.

"बाईसाहेब, एक इचारू का?"

"विचारा."

"ह्ये तुमच्या हद्दीत बसत न्हाई, असं म्हणलात. बरूबर हाय. हद्द मला कळती. माझी हद्द कोल्ह्याच्या ओढ्यापतूर. तिथं दगड हाय. दगडापाशी पलीकडचा येतो, मी माझी वही त्याच्या हातात देतो, त्याची मी घेतो, आन् दोघं माघारी फिरतो. पण पलीकडचा आला न्हाई, तर वही दगडावर ठिवून घरी जायचं न्हाई. त्यो घावंपतूर पुढं चालायचं. आमचा कायदाच हाय तसा."

बाई ऐकत होती. तिनं विचारलं, "आणि दगडावर ठेवून गेलात तर?"

"तर पुढचा रूळ कुणीच बघितला न्हाई, असं हुतं. दोघं म्हणत्यात माझ्या हद्दीत सगळं ठीक. आन् गाडी खाली जाती."

त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"तुमी माझी वही दगडावर ठिवायला लागलाय, बाईसाहेब. फेटाळू नगा. तुमची हद्द सपली आसंल तर सपली. पण पुढच्याच्या हातात द्या."

निंबर्गी वकील काहीतरी पुटपुटले. बाईनं त्यांना हातानं थांबवलं, टेबलावरचं एक जाड पुस्तक ओढलं आणि पानं उलटायला लागली. बराच वेळ उलटत होती. मग तिनं एका पानावर बोट ठेवलं, दोनदा वाचलं.

"दावा फेटाळत नाही," ती म्हणाली. "योग्य ठिकाणी दाखल करण्यासाठी परत करते."

निंबर्गी म्हणाले, न्यायाधिकरण म्हणजे काही कोर्ट नव्हे, हा नियम तिथं लागू होईल की नाही याची शंका आहे. बाईनं त्यांच्याकडं शांतपणे बघितलं.

"ते न्यायाधिकरण ठरवील, वकीलसाहेब. त्यांच्या हद्दीतलं मी कशाला ठरवू?"

मग तिनं आम्हाला समजावून सांगितलं, साध्या मराठीत. फेटाळला असता तर ही अडीच वर्षं वाया गेली असती. परत केला म्हणजे दाव्यावर ती स्वतः लिहून देणार, की हा कधी दाखल झाला, कधी परत दिला, कुणी दाखल केला होता आणि का परत दिला. तो कागद मुंबईत दाखवायचा आणि सांगायचं की आम्ही झोपलो नव्हतो, चुकीच्या दारात प्रामाणिकपणे उभे होतो. ही वर्षं माफ करायची की नाही ते तिथले लोक बघतील, त्याची खात्री ती देऊ शकत नव्हती.

मालक हळूच मला म्हणाले, "वहीच हाय की गं ही. तारीख, नाव, वेळ."

दुपारी शिरस्तेदाराच्या टेबलावर कागद मिळाला. शिरस्तेदार घाईत होते. रजिस्टर पुढं सरकवून म्हणाले, इथं सही करा, मिळालं म्हणून. मालकांनी पेन घेतलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. माझा जीव टांगणीला लागला. पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वाचून दाखवा आधी," ते म्हणाले.

"अहो, कोर्टाचा कागद आहे, चुकीचा कसा असेल?"

"वाचून दाखवा."

शिरस्तेदारांनी वाचलं. मालक म्हणाले, आता दाव्यावर बाईंनी काय लिहिलंय ते वाचा. तेही वाचलं. मग रजिस्टरातली ओळ वाचायला लावली. मागं रांग लागली, माणसं कुरकुरायला लागली, एक जण म्हणाला म्हाताऱ्याला काम नाही का. मी त्या माणसाकडं असं बघितलं की तो गप्प झाला. सगळं वाचून झाल्यावर मालकांनी नाव लिहिलं, ३.२० लिहिलं, आणि थांबले. शिरस्तेदार म्हणाले, "लिहा, कागद बरोबर मिळाला."

"मिळाला, एवढं तुमी लिवा," मालक म्हणाले. "बरूबर हाय का न्हाई ते पुढं गेल्यावर कळंल."

बागल वकील आम्हाला फाटकात भेटले. काय झालं म्हणून विचारत होते. मी म्हटलं, चहा थंड होईल, जा.

आम्ही मुंबईला गेलो ते चौथ्या दिवशी. पण आधी मालक दुसरीकडंच गेले, मैनोद्दीनकडं. मैनोद्दीन शेख तेव्हा त्याच्या मुलाकडं राहायचा, एका पायानं लंगडत. शहात्तर साली त्या दिवशी तो खचलेल्या मोरीत पडला होता, मांडीचं हाड मोडून, पाणी छातीपर्यंत चढलेलं. मालकांनी त्याला ओढून काढला होता, आधी लाल झेंडा लावून येणारी गाडी थांबवली होती, आणि त्याला पाठीवर घेऊन स्टेशनपर्यंत आले होते. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती, आणि शंभरदा म्हटलं होतं, त्याच्या बायकोचा नवरा वाचवलात, माझी बायको कुणी वाचवायची? म्हणजे मला म्हणायचं असायचं, तुमची बायको. पण रागात माझं असं उलटसुलट व्हायचं.

मैनोद्दीननं सगळं ऐकून घेतलं आणि मुलाला पेटी उघडायला लावली. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याच्या अपघाताचा कागद होता, रेल्वेच्याच दवाखान्यातला, त्यावर रेल्वेचाच शिक्का. पायाची भरपाई घ्यायला त्यानं तो जपून ठेवला होता. त्यात इंग्रजीत एक ओळ होती. त्याच्या मुलानं ती वाचली. जखमी इसम शेजारच्या हद्दीचा कामावरील गस्तवाला रामलिंग शिंगाडे यास आढळला.

कामावरील. स्वतः रेल्वेनंच लिहिलेलं.

आणि तारीख तीच, शालनच्या दाखल्यावरची.

मैनोद्दीन मालकांना म्हणाला, "रामलिंगा, हा कागद मला कवाच मागायचा होतास." मालक म्हणाले, "तुझ्याकडं हाय ते मला काय ठावं? तुला पाठीवर घेतलं तवा तू बेशुद्ध, आन् मी घराकडं पळालेलो."

मुंबईत तीन वर्षं लागली. रेल्वेनं तिथंही मुदत उलटली म्हणून आडकाठी घातली. त्या लोकांनी बाईच्या अक्षरातल्या चार ओळी वाचल्या, तारखा ताडून बघितल्या आणि दावा आत घेतला. मग शालनचा दाखला आणि मैनोद्दीनचा कागद शेजारी शेजारी ठेवले गेले. एक दिवस कामावर असल्याचं सिद्ध झालं म्हटल्यावर बाकीचे दिवस शोधा, असा हुकूम हपिसाला झाला. आणि काय सांगू, वाळवीनं खाल्लेले कागद सहा महिन्यांत धडधाकट सापडले. ती वाळवी कसली, ते मी कुणाचं नाव न घेता गावभर सांगितलं.

हुकूम टपालानं आला तेव्हा शालन माहेरी आली होती. मालकांनी तिला ओसरीवर बसवलं आणि म्हणाले, वाच. सगळं वाच. तिनं पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं, मधे एक ओळ गाळली तर यांना कळलं, परत वाचायला लावली. सतरा वर्षं रोजंदारी, त्यातली अर्धी नोकरीत धरलेली. शहात्तर साल त्यात होतं. शालन रडत होती. मी नव्हते रडत, मी भांडी घासत होते, आणि भांडी घासताना डोळ्यांत राख जाते.

मग मालकांनी पेन मागितलं. हुकुमाच्या शेवटच्या पानावर खाली नाव लिहिलं. शालनला विचारलं किती वाजले, आणि ५.१५ लिहिलं. तिथं पेन थांबलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "हौसे, सब ठीक लिवू का?"

मला कळलं ते काय विचारत होते. रेल्वेचं नव्हते विचारत. हात धुऊन मी त्यांच्यासमोर येऊन बसले. खूप बोलायचं होतं. त्या दिवशी मी किती हाका मारल्या ते सांगायचं होतं, आणि तुम्ही वळला असतात तर मैनोद्दीन मेला असता आणि मग तुमचं तोंड मी बघितलं नसतं, हेही सांगायचं होतं. दोन्ही खरंच होतं. पण इतकं एका वेळी कुठं सांगता येतं माणसाला.

"थांबा जरा," म्हटलं. "माझी हद्द अजून सपली न्हाई."

ते हसले आणि पेनाला टोपण लावलं.

आता मालक ब्याऐंशीचे आहेत. दर महिन्याला पेन्शन काढायला बँकेत जातात, काठी टेकत, आणि परत आले की पेटीतून तो कागद काढून पुढ्यात धरतात. म्हणतात, लिवू का. मी म्हणते, चहा घ्या आधी. ते कागद घडी करून परत ठेवतात. खाली नाव आहे, वेळ आहे, आणि पुढची जागा मी अजून मोकळी ठेवली आहे.